घटक ४ : संकेतस्थळाची सुलभता आणि मराठीचा वापर

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• संकेतस्थळाची सुलभता म्हणजे काय, ते सांगता येईल.
• संकेतस्थळ हा संवादाचा एक प्रकार कसा आहे, ते स्पष्ट करता येईल.
• संकेतस्थळावरील शब्दनिवड, माहितीचा क्रम, अर्ज आणि संदेश यांतील भाषिक दोष ओळखून ते दुरुस्त करता येतील.
• देवनागरी लिपी व मराठी व्याकरण यांमुळे निर्माण होणारे खास प्रश्न समजून घेता येतील.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, व्यावहारिक मराठीच्या या अभ्यासक्रमात अर्ज, पत्र, माहितीपत्रक या लेखनप्रकारांचा परिचय आपण यापूर्वी करून घेतला आहे. प्रस्तुत घटकात संकेतस्थळावरील लेखनाचा विचार करावयाचा आहे. संकेतस्थळ हे संगणकतज्ज्ञाचे काम, असा एक समज रूढ आहे. तो निम्माच खरा आहे. संकेतस्थळाचा सांगाडा संगणकतज्ज्ञ उभारतो. परंतु तेथे आलेल्या माणसासमोर येतात ते बहुतांशी शब्दच. शीर्षके, सूचीतील नावे, बटणांवरील क्रियापदे, अर्जातील रकान्यांची नावे, चूक झाल्यास उमटणारे संदेश हे सारे भाषेचे काम आहे, आणि म्हणून ते भाषेच्या अभ्यासकाचेही काम आहे.

या कामाचे मोल समजण्यासाठी एक तुलना करू. तहसील कचेरीच्या खिडकीवर गेलेला माणूस आपली गरज आपल्या शब्दांत सांगतो. ‘मुलीच्या फीसाठी उत्पन्नाचा दाखला पाहिजे,’ एवढे तो म्हणाला, की पलीकडचा कारकून त्या बोलीचे शासकीय भाषेत रूपांतर करून घेतो आणि कोणता अर्ज, कोणती कागदपत्रे, केव्हा यायचे हे सांगतो. काही कळले नाही तर पुन्हा विचारता येते. संकेतस्थळावर ही सोय नसते. तेथे जे लिहिले आहे तेवढेच असते.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ या कायद्याने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकांना दिला आहे. यांपैकी अनेक सेवांसाठी ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावरून अर्ज करता येतो. आपल्यासारख्या दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांचा प्रवेश, परीक्षा अर्ज आणि निकालही आता संकेतस्थळाच्या वाटेनेच येतात. अशा वेळी पानावरचे मराठी समजले नाही, तर माणूस दुसऱ्याला पैसे देऊन अर्ज भरून घेतो, आणि त्यासाठी आपला आधार क्रमांक व पासवर्डही त्याच्या हाती सोपवतो. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नुसार मराठी ही राज्याची राजभाषा आहे. मात्र मजकूर मराठीत असणे आणि तो वाचणाऱ्याला उमगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या दोहोंमधील अंतर कसे कमी करावे, हा या घटकाचा विषय होय.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ सुलभतेची संकल्पना

संगणकीय साधनांच्या सुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सुलभतेची पाच अंगे सांगितली आहेत. साधन चटकन शिकता यावे. शिकल्यावर काम वेगाने व्हावे. काही काळाने परतल्यावर ते आठवावे. वापरताना चुका कमी व्हाव्यात व झाल्या तरी सावरता याव्यात. आणि वापरणाऱ्याला समाधान वाटावे. या पाचही अंगांचा भाषेशी संबंध आहे. सूचीतील नाव ओळखीचे असेल तर शिकावे लागत नाही. संदेश स्पष्ट असेल तर चूक सावरता येते.

४.३.२ संकेतस्थळ : एक संवाद

भाषाविज्ञानातील एक सिद्धान्त येथे उपयोगी पडतो. तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९७५ साली प्रकाशित झालेल्या निबंधात ‘सहकार्य तत्त्व’ मांडले. बोलणारा आणि ऐकणारा परस्परांना सहकार्य करीत आहेत, या गृहीतावर संभाषण चालते, असे त्यांचे म्हणणे आहे. या तत्त्वाची चार सूत्रे अशी :

१. परिमाण : हवी तेवढी माहिती द्यावी, कमी नको, अधिकही नको.
२. गुणवत्ता : जे खरे आहे व ज्याला आधार आहे तेच सांगावे.
३. संबद्धता : विचारलेल्या गोष्टीशी निगडित असेल ते सांगावे.
४. रीती : संदिग्धता टाळून, थोडक्यात व क्रमाने सांगावे.

संकेतस्थळावर येणारा प्रत्येक जण मनात एक प्रश्न घेऊन येतो. पान हे त्या प्रश्नाचे उत्तर असते. म्हणून पान लिहिण्यापूर्वी ‘संस्थेला काय सांगायचे आहे?’ याआधी ‘येणारा काय विचारील?’ हा प्रश्न लेखकाने स्वतःला विचारावा. पहिल्या पानावर पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे आणि मनोगते असतील व परीक्षेची तारीख चौथ्या पानावर असेल, तर संबद्धतेचे सूत्र मोडते. गतवर्षीची सूचना ‘नवीन’ या शिक्क्यासह लुकलुकत राहिली, तर गुणवत्तेचे सूत्र मोडते. प्रत्यक्ष संभाषणात असे सूत्रभंग समोरची व्यक्ती प्रश्न विचारून भरून काढते. संकेतस्थळावर ते भरून निघत नाहीत.

४.३.३ शब्दनिवड : ओळखीचा शब्द कोणता?

मराठी संकेतस्थळावर शब्द निवडताना दोन टोके दिसतात. एका टोकाला इंग्रजी शब्दांचे केवळ देवनागरी लिप्यंतर असते, तर दुसऱ्या टोकाला संस्कृतप्रचुर पारिभाषिक शब्द असतात. शुद्धतेचा वाद येथे बाजूला ठेवून एक व्यावहारिक कसोटी लावावी : खिडकीवर उभा असलेला माणूस या वस्तूचे नाव काय घेतो?

‘सातबारा’ या शब्दाचे उदाहरण घेऊ. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. या दोन नमुन्यांच्या क्रमांकांवरून हा शब्द घडला आणि तो इतका रुजला, की शासनानेही तो स्वीकारला. सूचीत केवळ ‘अधिकार अभिलेख’ असे लिहिले, तर कायद्याच्या दृष्टीने ते अचूक असूनही शेतकऱ्याची नजर त्यावरून पुढे जाईल. याउलट ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र’ या अधिकृत नावाऐवजी विद्यार्थी व पालक ‘डोमिसाइल’ म्हणतात. येथे ओळखीचा शब्द इंग्रजी आहे. अशा ठिकाणी दोन्ही शब्द एकत्र द्यावेत : ‘अधिवास प्रमाणपत्र – डोमिसाइल’. वाचणाऱ्याला आपला शब्द सापडतो आणि अधिकृत शब्दही हळूहळू परिचयाचा होतो.

परिभाषा अनावश्यक आहे, असा याचा अर्थ नव्हे. भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांनी प्रशासनाला आणि ज्ञानव्यवहाराला मराठी संज्ञा पुरवल्या आहेत. परंतु कोशातील संज्ञा आणि दारावरची पाटी यांची कार्ये निराळी आहेत. संज्ञेने अर्थ निश्चित करावा आणि पाटीने वाट दाखवावी.

शब्दनिवडीत आणखी एक पथ्य पाळावे. एका गोष्टीला सर्वत्र एकच नाव असावे. ललित लेखनात पुनरुक्ती टाळण्यासाठी आपण पर्यायी शब्द वापरतो. संकेतस्थळावर मात्र एका पानावर ‘नोंदणी’, दुसऱ्यावर ‘पंजीकरण’ आणि तिसऱ्यावर ‘रजिस्ट्रेशन’ आले, तर वाचणाऱ्याला त्या तीन वेगळ्या पायऱ्या वाटतात.

४.३.४ माहितीचा क्रम आणि वाक्यरचना

आता एका काल्पनिक सार्वजनिक वाचनालयाच्या संकेतस्थळावरील मजकूर तपासू.

मूळ मजकूर : ‘आमचे वाचनालय परिसरातील वाचनसंस्कृतीच्या संवर्धनार्थ कार्यरत असून वाचकांच्या बौद्धिक गरजांची परिपूर्ती करण्यास कटिबद्ध आहे. सभासदत्व घेऊ इच्छिणाऱ्या व्यक्तींनी विहित नमुन्यातील अर्ज आवश्यक त्या कागदपत्रांसह कार्यालयीन वेळेत सादर करणे अनिवार्य असून अनामत रक्कम व वर्गणी नियमानुसार आकारण्यात येईल.’

व्याकरणदृष्ट्या या मजकुरात दोष नाही. तरीही तो वाचून कोणालाही सभासद होता येणार नाही. ‘विहित’, ‘आवश्यक त्या’, ‘कार्यालयीन’ आणि ‘नियमानुसार’ हे चार शब्द पाहा. माहिती अन्यत्र कोठेतरी आहे, एवढेच ते सुचवतात. नमुना कोठे मिळेल, कागदपत्रे कोणती, वेळ कोणती आणि रक्कम किती, हे चारही प्रश्न तसेच राहतात. येथे परिमाणाचे सूत्र दोन्ही बाजूंनी मोडले आहे : नको ते अधिक आहे आणि हवे ते मुळीच नाही.

सुधारित मजकूर :
‘सभासद कसे व्हावे?
१. सभासदत्वाचा अर्ज या पानावरून उतरवून घ्या किंवा वाचनालयातून विनामूल्य घ्या.
२. पत्त्याचा एक पुरावा आणि एक छायाचित्र सोबत आणा.
३. अनामत २०० रुपये व पहिल्या महिन्याची वर्गणी ३० रुपये भरा.
सभासदत्व त्याच दिवशी मिळते. वेळ : सोमवार ते शनिवार, सकाळी ८ ते ११ व सायंकाळी ४ ते ८.’

या बदलातील तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली गोष्ट, शीर्षक हा वाचणाऱ्याचाच प्रश्न आहे. दुसरी, लांब संयुक्त वाक्याच्या जागी कृतींचा क्रम आला आहे. तिसरी गोष्ट क्रियापदांची. ‘सादर करणे अनिवार्य’, ‘आकारण्यात येईल’ या रचनांत कर्ता दिसत नाही. ‘घ्या’, ‘आणा’, ‘भरा’ या आज्ञार्थी रूपांत कोणी काय करायचे ते उघड होते. आज्ञार्थ उद्धट वाटेल, अशी शंका काहींना येते. परंतु मराठीत ही रूपे ‘आपण’ किंवा ‘तुम्ही’ यांना अनुसरणारी, म्हणजे आदरार्थी आहेत.

दुव्यांच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू होते. ‘येथे क्लिक करा’ या शब्दांत दुवा कोठे नेतो हे कळत नाही. ‘जून परीक्षेचे वेळापत्रक पाहा’ या दुव्यात ते कळते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
रिकाम्या जागा भरा.
१. ‘सहकार्य तत्त्व’ __________ यांनी मांडले.
२. गाव नमुना सात म्हणजे __________ होय.
३. ‘विचारलेल्या गोष्टीशी निगडित असेल ते सांगावे’ हे __________ सूत्र आहे.

४.३.५ अर्ज, बटणे आणि त्रुटिसंदेश

संकेतस्थळाचा सर्वांत कठीण भाग म्हणजे अर्ज. येथे वाचणारा लिहिणारा होतो, आणि चूक झाल्यास तिची किंमतही त्यालाच मोजावी लागते.

नावाचा साधा रकाना घ्या. इंग्रजी नमुन्यावरून आलेल्या अर्जात पहिले, मधले व शेवटचे नाव असे तीन चौकोन असतात. ‘शेवटचे नाव’ म्हणजे आडनाव हे आपण सवयीने ओळखतो; परंतु मराठीत आडनाव आधी लिहिण्याचीही रीत आहे. त्यामुळे आडनावाऱ्या जागी वडिलांचे नाव लिहिले जाते आणि पुढे दाखला व गुणपत्रिका यांतील नावे जुळत नाहीत. त्यात महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांचे नाव हे बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव या क्रमाने नोंदवायचे आहे. तीन चौकोनांत चार नावे कशी बसणार? म्हणून रकान्यांना ‘स्वतःचे नाव’, ‘आईचे नाव’, ‘वडिलांचे किंवा पतीचे नाव’, ‘आडनाव’ अशी सरळ नावे द्यावीत आणि शेजारी एक भरलेला नमुना दाखवावा.

बटणावरील शब्दांतील संदिग्धता तर थेट नुकसान करते. ‘आपला अर्ज रद्द करायचा आहे का?’ या प्रश्नाखाली ‘ठीक’ आणि ‘रद्द करा’ अशी दोन बटणे असतील, तर ‘रद्द करा’ दाबल्याने अर्ज रद्द होतो, की रद्द करण्याची कृती रद्द होते? इंग्रजीतील ठरीव बटणांचे शब्दशः भाषांतर केल्याने हा घोटाळा होतो. ‘अर्ज काढून टाका’ आणि ‘अर्ज तसाच ठेवा’ अशी बटणे असतील तर शंकेला जागा उरत नाही.

त्रुटिसंदेशात तीन गोष्टी असाव्यात : चूक कोठे झाली, कोणती झाली आणि आता काय करावे. ‘अवैध नोंद’ या संदेशात यांपैकी एकही गोष्ट नाही. ‘मोबाइल क्रमांकात १० अंक हवेत, आपण ९ अंक लिहिले आहेत. कृपया क्रमांक तपासा’ या संदेशात तिन्ही आहेत. संदेश आला म्हणून आधी भरलेली माहिती पुसली जाऊ नये, हेही लेखकाने तंत्रज्ञाकडून मागून घ्यावे.

मराठी क्रियापद लिंगानुसार बदलते, याचेही भान ठेवावे. ‘आपण यशस्वीरीत्या नोंदणीकृत झाला आहात’ हे वाक्य स्त्रीला उद्देशून योग्य ठरत नाही. ‘आपली नोंदणी झाली’ असे म्हटले, की क्रियापद ‘नोंदणी’शी जुळते आणि वाक्य सर्वांना लागू पडते.

४.३.६ देवनागरी लिपी आणि शोधाचा प्रश्न

पानावर हवी ती गोष्ट दिसली नाही, तर माणूस शोधाच्या चौकटीकडे वळतो. तेथे मराठीचे व्याकरण आडवे येते. मराठीत विभक्ती प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते. शेतकरी ‘विहीर अनुदान’ असे शोधतो आणि पानावर ‘विहिरींसाठी अनुदान’ असे असते. ‘विहीर’मधील दीर्घ ‘ही’ सामान्यरूपात ऱ्हस्व होतो. ‘दाखला’चे ‘दाखल्या’ होते, ‘देऊळ’चे ‘देवळा’ होते. केवळ अक्षरे जुळवणाऱ्या शोधयंत्रणेला हे एकच शब्द आहेत हे कळत नाही. यावर उपाय दोन : शोधयंत्रणेला सामान्यरूपांचे नियम पुरवावेत, आणि पानाच्या शीर्षकात शब्दाचे मूळ रूप ठेवावे. ‘विहीर अनुदान योजना’ या शीर्षकाने दुसरा उपाय सहज साधतो.

दुसरा प्रश्न संकेतावलीचा आहे. देवनागरी युनिकोड संकेतावली मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी या भाषांसाठी एकच आहे. युनिकोडपूर्व फाँटमध्ये साठवलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसला, तरी संगणकाच्या दृष्टीने ती वेगळीच चिन्हे असतात. त्यामुळे तो शोधता येत नाही. युनिकोडमध्येही ‘ॲ’ हे अक्षर एका चिन्हाने लिहिता येते, तसेच ‘अ’वर अर्धचंद्र देऊनही लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही सारखेच, शोधयंत्रणेला मात्र भिन्न. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या शब्दांत तर अर्थच पालटतो. पहिला शब्द गुरुजनांसाठी आहे आणि दुसरा स्वयंपाक्यांसाठी.

अंकांचेही तसेच. पान मराठी असले तरी अनेकांच्या मोबाइलच्या कळफलकावर आंतरराष्ट्रीय अंक असतात. अर्जाने देवनागरी व आंतरराष्ट्रीय असे दोन्ही अंक स्वीकारावेत. कोणते अंक लिहावेत, हे ओळखण्याचे ओझे अर्जदारावर टाकू नये.

४.३.७ सर्वांसाठी सुगम्यता

सुलभतेचा विचार दृष्टिबाधित, श्रवणबाधित, वृद्ध अशा सर्वांना सामावून घेणारा असावा लागतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने माहिती व संज्ञापन तंत्रज्ञान सुगम्य करण्याची जबाबदारी शासनावर सोपवली आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आशय चार कसोट्यांना उतरावा : तो इंद्रियांना जाणवावा, हाताळता यावा, समजावा आणि निरनिराळ्या साधनांवर टिकावा. यांतील तिसरी कसोटी सर्वस्वी भाषेची आहे.

दृष्टिबाधित व्यक्ती स्क्रीन रीडर या प्रणालीच्या साहाय्याने पान ऐकतात. पानाची भाषा मराठी आहे अशी नोंद पानाच्या संकेतात केलेली असेल, तर ही प्रणाली मराठी आवाज निवडू शकते. काही फाँटमध्ये याच नोंदीमुळे ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणाची रूपेही उमटतात. शासकीय आदेशाची नुसती छायाप्रत चढवली असेल, तर स्क्रीन रीडरच्या दृष्टीने ते एक चित्रच असते. त्यातील शब्द वाचले जात नाहीत. अशा प्रतीसोबत टंकलिखित मजकूर द्यावा. चित्राखाली त्याचे वर्णन असावे.

डोळ्यांनी वाचणाऱ्यांसाठीही काही पथ्ये आहेत. सामान्य आकाराची अक्षरे व पार्श्वभूमी यांतील उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, असे उपरोक्त मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खाली मात्रा येतात. म्हणून ओळींतील अंतर रोमन लिपीपेक्षा थोडे अधिक ठेवावे. अक्षरे फार लहान असली तर ‘घ’ व ‘ध’, ‘भ’ व ‘म’ यांत गल्लत होते.

४.३.८ पडताळणी

लिहिणाऱ्याला स्वतःचे लेखन नेहमीच सोपे वाटते. कारण त्याला उत्तर आधीच ठाऊक असते. म्हणून पडताळणी दुसऱ्याकडून करून घ्यावी. नील्सन यांनी २००० साली असे प्रतिपादन केले, की एका फेरीत पाच व्यक्तींकडून चाचणी घेतली तरी बहुतेक ठळक दोष उघड होतात. यासाठी मोठा खर्च लागत नाही. त्या व्यक्तीला एक काम सांगावे, उदाहरणार्थ ‘परीक्षा अर्जाची अंतिम तारीख शोधा’, आणि शेजारी शांत बसावे. मदत करू नये. ती कोठे थांबते, कोणता शब्द पुन्हा वाचते, कोणत्या दुव्यावरून मागे येते, याची नोंद ठेवावी. ती जेथे थांबली तेथे शब्द बदलावा. दोष तिच्या आकलनाचा नसून आपल्या लेखनाचा आहे, असे मानूनच ही चाचणी घ्यावयाची असते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. त्रुटिसंदेशात कोणत्या तीन गोष्टी असाव्यात?
२. ‘विहीर’ या शब्दाचे सामान्यरूप कोणते?
३. छायाप्रतीतील मजकूर स्क्रीन रीडरला का वाचता येत नाही?

४.४ सारांश

संकेतस्थळ हा प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा यांच्यातील संवाद आहे. परंतु त्यात पुन्हा विचारण्याची सोय नसते. त्यामुळे लेखकाला प्रश्न आधीच ओळखावा लागतो. पाटीवर लोकांच्या ओळखीचा शब्द असावा, माहिती कृतीच्या क्रमाने यावी, ‘नियमानुसार’सारख्या शब्दांच्या जागी प्रत्यक्ष तपशील यावेत आणि संदेशाने चूक सावरण्याची वाट दाखवावी. मराठीची सामान्यरूपे, लिंगानुसारी क्रियापदे, नावे लिहिण्याच्या रीती आणि देवनागरीची घडण यांचा विचार बाहेरून आयात केलेल्या नमुन्यात नसतो. तो मराठीच्या जाणकारानेच करावा लागतो. भाषेच्या पदवीधरासाठी हे एक खरेखुरे कार्यक्षेत्र आहे.

४.५ पारिभाषिक शब्द

अधिसूचित सेवा – शासनाने राजपत्राद्वारे जाहीर केलेली सेवा.
त्रुटिसंदेश – माहिती भरताना चूक झाल्यास दिसणारी सूचना.
सामान्यरूप – विभक्ती प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी नामाच्या रूपात होणारा बदल.
सुगम्यता – दिव्यांग व्यक्तींसह सर्वांना वापरता येण्याचा गुण.
स्क्रीन रीडर – पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी संगणकप्रणाली.

४.६ स्वयं-अध्ययनाच्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : १. पॉल ग्राइस २. अधिकार अभिलेख ३. संबद्धतेचे
प्रश्न – २ : १. चूक कोठे झाली, कोणती झाली आणि आता काय करावे, या तीन गोष्टी असाव्यात. २. ‘विहीर’चे सामान्यरूप ‘विहिरी’ हे आहे. ३. छायाप्रत हे केवळ चित्र असल्यामुळे त्यातील शब्द प्रणालीला ओळखता येत नाहीत.

४.७ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘संकेतस्थळ हा एक संवाद आहे’ हे विधान ग्राइस यांच्या चार सूत्रांच्या आधारे स्पष्ट करा.
२. ‘संज्ञेने अर्थ निश्चित करावा आणि पाटीने वाट दाखवावी’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
३. पुढील सूचना सुलभ मराठीत पुन्हा लिहा. आवश्यक तेथे काल्पनिक तपशील घाला : ‘पात्र उमेदवारांनी विहित मुदतीत आवश्यक शुल्काचा भरणा करून प्रवेशप्रक्रिया पूर्ण करावी, अन्यथा नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल.’

४.८ उपक्रम

आपल्या ग्रामपंचायतीचे, महाविद्यालयाचे किंवा बँकेचे मराठी संकेतस्थळ निवडा. घरातील अथवा शेजारची, ते पूर्वी न पाहिलेली एक व्यक्ती निवडून तिला एक काम सांगा आणि ती जेथे थांबेल त्या जागांची नोंद करा. त्यांपैकी तीन ठिकाणचा मजकूर नव्याने लिहा. मूळ व सुधारित मजकूर शेजारी शेजारी मांडून संपर्कसत्रात सादर करा.